खाल्ल्या मिठाचे संदर्भ

भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या कर्नाटकाच्या सीमेवरच्या पट्ट्यातल्या कॉलेजांत प्रोजेक्टचं शेवटचं पान सगळ्यात आधी लिहून होतं. ते पान म्हणजे संदर्भग्रंथसूची. त्यानंतर मुखपृष्ठ, त्यानंतर ऋणनिर्देश (आईवडील, गाईड, ग्रंथपाल, डीटीपी करणारे अण्णा आणि ज्ञात-अज्ञात सर्व), आणि सबमिशनच्या आदल्या रात्री मधला मजकूर. पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. गाईडसुद्धा बाइंडिंग हातात आलं की मागूनच उघडतात. सूचीत पन्नास पुस्तकं दिसली की मान डोलवतात, बारा दिसली की चष्मा काढून टेबलावर ठेवतात. सूची लेखकांच्या आडनावांप्रमाणे अकारविल्हे लावावी असा नियम आहे. गाईडचं स्वतःचं पुस्तक मात्र 'अ'च्याही आधी येतं.

त्याखालोखाल मान यझदानींचा. गुलाम यझदानी हे निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. बीदरचा इतिहास आणि तिथल्या इमारती यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४७ साली ऑक्सफर्डने छापलं. मोठा आकार, नकाशे, फोटो, आणि दोन्ही हातांनी उचलावं असं वजन. बीदरवर काही लिहायचं तर यझदानींना नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि बहुतेक जण नमस्कार करूनच पुढे जातात. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रोजेक्टात उल्लेख असलेल्या या ग्रंथाची पानं ग्रंथालयात मात्र एकमेकांना चिकटलेली सापडतात. ती सोडवताना 'टर्र' असा आवाज येतो आणि वाचनकक्षातले स्पर्धापरीक्षावाले वळून बघतात.

प्रत्यक्ष ग्रंथालयात जाणं हा संशोधनातला ऐच्छिक विषय आहे. तो घेणारा एखादा निघतोच.

"मामा, बीदरवर पुस्तक पाहिजे होतं."

"कोणतं?"

"कोणतं बी चालतंय."

"जाड का बारीक?"

अटेंडर मामांचा प्रश्न ऐकून हसू नये. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाला हात लागलेला कॉलेजातला हा एकमेव माणूस. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची टीम यायची असली की सगळी कपाटं रिकामी करून, पुसून, पुन्हा लावायचं काम त्यांच्याकडे असतं. जाड म्हणजे गॅझेटियर, अभिलेखांचे खंड आणि यझदानी. बारीक म्हणजे नोट्स, स्मरणिका आणि मठ-संस्थानांनी छापलेली चरित्रं. वर्गीकरणाची ही पद्धत कुठल्या ग्रंथात नाही, पण फारशी चुकत नाही. किल्ली सापडत नसली तर मामा मराठीत "उद्या या", कन्नडात "नाळे बर्री" आणि दखनीत "कल आओ" असं सांगतात. त्रिभाषा सूत्र इतक्या काटेकोरपणे दुसरीकडे कुठे पाळलेलं मी पाहिलं नाही.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला पहिलाच असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. कॉलेजात एक सहावा नियमही असतो, तो कोणी छापलेला नाही: हरवलेलं पुस्तक ग्रंथपालाच्या अंगावर पडतं. पहिले पाच का चालत नाहीत ते सहाव्यावरून कळतं.

कपाट उघडलं तरी पुस्तक हाती येईलच असं नाही. मेल्विल ड्यूई या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली जगातल्या ज्ञानाला आकडे वाटून दिले. त्याच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ आणि कन्नड साहित्य ८९४.८१४. भालकीत एकाच घरात सासू कन्नडात विचारते आणि सून मराठीत उत्तर देते. ड्यूईच्या मांडणीत या दोघींच्या मध्ये ८९२.७ ला अरबी आणि ८९४.३५ ला तुर्की येऊन बसल्या आहेत. बीदरच्या दरबाराचा इतिहास बघितला तर साहेबाचं फार चुकलं असंही म्हणवत नाही.

खरा घोळ गावांच्या नावांचा. गुलबर्ग्याचं अधिकृत नाव २०१४ पासून कलबुर्गी. त्यामुळे नव्या नावाने कॅटलॉग शोधला तर हे शहर कालपरवा वसलं असावं असं वाटतं. बसवकल्याण जुन्या पुस्तकांत 'कल्याणी' म्हणून असतं. 'गुरुचरित्रा'त बीदर 'वैदुरानगरी' होते. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत बीदर जिल्हा आधी हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात. मग म्हैसूर राज्यात. १९७३ पासून ते राज्यच कर्नाटक झालं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे पूर्वीचे बीदरचे तालुके महाराष्ट्रात गेले, आधी उस्मानाबादेत आणि १९८२ नंतर लातुरात. म्हणजे पणजोबांनी जागा न सोडता तीन राज्यांत संसार केला. त्यांचे कागद शोधणाऱ्या पणतूला मात्र हैदराबाद, बंगळूर आणि पुणे अशी तिकिटं काढावी लागतात. जमिनीचे जुने कागद उर्दूत, घरातल्या पेटीतले मोडीत, देवळाच्या दारातला शिलालेख हळेकन्नडात. एवढं सगळं कोण करत बसणार? त्यापेक्षा गेटासमोरचं झेरॉक्स सेंटर बरं.

झेरॉक्स सेंटर हे आमच्याकडचं मध्यवर्ती ग्रंथालय. तिथे सभासदत्व लागत नाही, शांतता पाळावी लागत नाही आणि पुस्तकं थेट प्रोजेक्टच्या रूपात मिळतात. "बहमनी का? दोन पॅटर्न आहेत, साठ पानांचा आणि ऐंशी पानांचा," असं सांगणारा संदर्भसाहाय्यक कुठल्या विद्यापीठात मिळेल? यंदाचा मुलगा गेल्या वर्षीचं घेतो, त्याने त्याच्या आधीच्या वर्षीचं घेतलेलं असतं. प्रत दर पिढीला थोडी काळवंडते, एखादी ओळ कडेने कापली जाते आणि सुलतानाचा मृत्यू १४३६ चा १४८६ होतो. पन्नास वर्षं जास्त जगल्याबद्दल सुलतानाची तक्रार नसते.

नकलेची ही परंपरा फोटोकॉपीच्या यंत्राने आणली असं कोणी म्हणत असेल तर त्याने फारसी इतिहासकार फिरिश्त्याचं उदाहरण बघावं.

हसन गंगूची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. दिल्लीत गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाकडे हसन नोकर होता. शेत नांगरताना त्याला सोन्याच्या मोहरा सापडल्या, त्या त्याने इमानाने मालकाला नेऊन दिल्या. ज्योतिषाने त्याला तू राजा होशील असं सांगितलं आणि राजा झालास तर माझं नाव लाव असं वचन घेतलं. पुढे १३४७ मध्ये हसनने बहमनी राज्य स्थापलं. गोष्ट झकास आहे. फक्त ती सांगणारा फिरिश्ता विजापुरात बसून लिहीत होता, सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी. सुलतानाच्या नाण्यांवर गंगू नाही. आणि १३५० साली खुद्द त्याच सुलतानाच्या आश्रयाने काव्यातून इतिहास लिहिणाऱ्या इसामीलाही गंगू माहीत नाही. म्हणून इतिहासकारांनी ही गोष्ट बाजूला ठेवली. प्रोजेक्टांनी ठेवली नाही, कारण ती साठ पानांच्या पॅटर्नमध्ये आहे.

पण हुशार विद्यार्थ्याने इथे हात वर करायला हवा. इसामी गप्प बसला यावरून काय सिद्ध होतं? तो दरबारचा कवी. ज्याच्या हातून बिदागी घ्यायची त्याला "हुजूर, आपण पूर्वी दुसऱ्याच्या शेतात नांगर धरत होता ना?" असं विचारणारा कवी अजून जन्माला यायचा आहे. म्हणजे फिरिश्त्याकडे माहिती उशिराची, आणि इसामी वेळेवर हजर पण तोंड बंद. नाणी तर काय, सुलतानाला जे सांगायचं तेवढंच सांगणार. लेखक कोणत्या काळातला, हे विचारायला पोरं शिकतात. तो कोणाचं मीठ खात होता, हे विचारायला कोणी शिकवत नाही. मीठ देणाऱ्यांच्या यादीत आपलंही नाव निघेल याची काही गाईडांना काळजी असावी.

मिठाचा हा हिशेब महमूद गावानच्या बाबतीत तर फारच मजेदार होतो. गावान हा इराणातल्या गिलानहून आलेला बहमनींचा वजीर. त्याने १४७२ च्या सुमारास बीदरला मदरसा बांधला. त्याच्या ग्रंथालयात ३,००० हस्तलिखितं होती असं सगळीकडे छापलेलं असतं. इतका गोल आकडा फक्त ज्या ग्रंथालयाचं अ‍ॅक्सेशन रजिस्टर शिल्लक नाही त्याच्याच वाट्याला येतो. दरबारातले दख्खनी सरदार या परदेशी वजिरावर जळत. त्यांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, वर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण देणारा मजकूर लिहिला आणि तो कागद सुलतान तिसऱ्या महंमदापुढे टाकला. सुलतान शुद्धीत नव्हता. त्याने शिक्का ओळखला आणि प्रकरण निकालात काढलं. शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही, असं गावान सांगत राहिला. १४८१ च्या एप्रिलमध्ये सत्तरीच्या या वजिराचं डोकं उडवलं गेलं.

शिक्का खरा आणि कागद खोटा. साधनाची परीक्षा न केल्यामुळे एक अख्खं राज्य गाळात गेल्याचं इतकं चांगलं उदाहरण कुठल्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात नाही, आणि ते आमच्या जिल्ह्यात घडलेल्या राजकारणातलं आहे. गावानची खरी पत्रं 'रियाज-उल-इन्शा' या नावाने एकत्र केलेली आजही आहेत. फारसी शैलीचे नमुने म्हणून ती लांब लांब वाचली जात. सुलतानाने त्यांतलं एखादं शेजारी ठेवून भाषा ताडून पाहिली असती तरी पुष्कळ होतं. पण तुलनेला दुसरं पुस्तक काढायचं तर कपाट उघडावं लागतं.

आता गंमत बघा. कटाची ही तपशीलवार हकिगत इतिहासाच्या पुस्तकांत येते ती मुख्यतः कुणाकडून? फिरिश्त्याकडूनच. ज्याला पहिल्या प्रकरणात गोष्टीवेल्हाळ म्हणून हाकललं, त्याला चौथ्या प्रकरणात सन्मानाने साक्षीला बोलवायचं, हा प्रकार बहमनींवरच्या जवळजवळ सगळ्या लिखाणात चालतो. आणि फिरिश्त्याचं मीठ विजापूरचं, आदिलशाहीचं. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान हा गावानच्या हाताखाली वर आलेला. कटाचा सूत्रधार म्हणून ज्याचं नाव येतं त्या निजाम-उल-मुल्क बहरीचा मुलगा मलिक अहमद, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक. विजापूर आणि अहमदनगर यांचं हाडवैर. फिरिश्ता स्वतः आधी अहमदनगरला होता आणि १५८९ मध्ये विजापूरला आला. नोकरी बदललेल्या माणसाने जुन्या मालकाच्या पूर्वजाबद्दल लिहिलेलं किती धरायचं, हे ठरवायला फारसी यायची गरज नाही. कुठल्याही शिक्षणसंस्थेत वर्षभर काढलं तरी पुरतं. म्हणून हकिगत खोटी ठरत नाही. गावान मारला गेला हे खरंच आहे. फक्त कोण किती काळा आणि कोण किती गोरा, ते रंगकाम विजापूरच्या पैशाने झालेलं आहे.

मग कोणाचंच मीठ न खाल्लेला साक्षीदार नाही का? आहे. त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास बीदरला आला होता. त्याच्याकडे विकायला एक घोडा होता आणि दरबाराकडून त्याला काही नको होतं. उमराव चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यातली माणसं हलाखीत जगतात, असं त्याने सरळ लिहून ठेवलं. दरबारी लेखकांना खेडी दिसतच नाहीत. आळंदच्या उरुसातल्या घोड्यांच्या बाजाराचंही वर्णन त्याने केलं आहे. सज्जन, निःपक्षपाती, प्रत्यक्षदर्शी. गाईडने डोळे मिटून सही करावी असा संदर्भ.

हाच निकितिन पुढे लिहितो की आळंदला 'गुकुक' नावाचा पक्षी असतो. तो रात्री उडतो, ज्या घरावर बसतो तिथे माणूस मरतो आणि त्याला मारायला गेलं तर त्याच्या चोचीतून आग निघते. आळंदकरांनी परक्या माणसाला संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसवून, अर्थात तेव्हा चहा नव्हता, काय काय सांगितलं असेल याची कल्पना आजच्या आळंदकरांवरून येते. निकितिन खोटारडा नव्हता. घोड्याच्या किमतीबद्दल त्याचा शब्द सुलतानाच्या फर्मानाहून भारी, कारण तो त्याचा धंदा होता. पक्ष्याबद्दल त्याने ऐकलं ते लिहिलं. एकच माणूस, एकच पुस्तक. एका पानावर पुरावा आणि दुसऱ्या पानावर पार.

दामाजीपंतांचंही असंच. मंगळवेढ्याला दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांना मोकळी केली, बीदरच्या बादशहाने पकडून आणायचा हुकूम सोडला, आणि विठोबा महाराच्या वेषात बीदरला जाऊन पैसे भरून पावती घेऊन आला. महिपतीने ही कथा 'भक्तविजया'त १७६२ साली सांगितली, म्हणजे बहमनी राज्य बुडून दोन शतकं उलटल्यावर. बीदरच्या खजिन्याचा जमाखर्च मांडायला महिपती उपयोगाचा नाही. पण अठराव्या शतकातल्या मराठी माणसाला चांगला कारकून कसा असावा असं वाटत होतं, सरकारी देण्याची पावती देवालाही घ्यावी लागते अशी त्याची किती खात्री होती, यासाठी महिपतीसारखा पुरावा नाही. एका व्हायव्हात विद्यार्थ्याने पावती हे प्राथमिक साधन असल्याचं ठासून सांगितलं होतं. परीक्षकांनी ती कुठे पाहायला मिळेल असं विचारल्यावर त्याने पंढरपूरकडे बोट दाखवलं.

अलीकडच्या पुस्तकांतही मीठ असतंच, फक्त आयोडिनयुक्त. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. त्याच्यावर पुण्यात छापलेलं पुस्तक आणि बंगळूरला छापलेलं पुस्तक शेजारी ठेवून वाचलं तर महाजन नावाचे दोन वेगळे न्यायमूर्ती होते असा समज होतो. प्रोजेक्ट करणारा सीमेवरचा आणि कपाटात बहुधा दोन्हींपैकी एकच. गॅझेटियर आकड्यांसाठी सोनं, पण ते सरकारचं. त्यात नळाला पाणी नेहमी आलेलं असतं. संस्थानांच्या चरित्रांत कोणी आजारी पडत नाही, थेट समाधी घेतात. शोधगंगा या ऑनलाइन भांडारात हजारो प्रबंध फुकट वाचायला मिळतात हे फार मोठं काम झालं, पण तिथेही घाट बघून उतरावं. काही ठिकाणी एका प्रबंधातला प्रवाह जसाच्या तसा दुसऱ्यात मिळालेला असतो. २०१८ च्या यूजीसी नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ केलं आहे. उरलेलं साम्य जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतात. सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाही आणि गाईडही मागून उघडत असल्याने तिथवर पोचत नाहीत.

मूळ साधनांपर्यंत पोचणं अशक्य आहे असं मात्र समजू नये. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी १९१० साली निलंग्याला, तेव्हाच्या बीदर जिल्ह्यात, जन्मले. हैदराबाद संस्थानाची नोकरी सांभाळून ते मूळ फारसी कागदांपर्यंत गेले आणि ते मराठीत आणून ठेवले. त्यांना जशी अनेक भाषांची गरज पडली तशा भाषा आजही आमच्या वर्गात एका बाकावर बसलेल्या असतात. एकाला घरी कन्नड, दुसऱ्याला मदरशात उर्दू, तिसऱ्याला मराठी. तिघांनी एक विषय घेतला तर शिलालेख, जमिनीचा जुना कागद आणि बखर तिन्ही वाचून होतील. तसं होत नाही, कारण प्रोजेक्ट वैयक्तिक असतो आणि मार्क वेगवेगळे. तिघेही वेगवेगळ्या वेळी एकाच झेरॉक्स सेंटरला जातात.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा प्रोजेक्टवालं पोरगं आहे त्यांना एवढंच सांगायचं: त्याला ग्रंथालयात पाठवा आणि ग्रंथपालांना भेटायला सांगा. हा माणूस दिवसभर कोणी काही विचारील म्हणून बसलेला असतो आणि "वायफायचा पासवर्ड काय?" याखेरीज त्याला कोणी काही विचारत नाही. विषय सांगितला तर तो तीन पुस्तकं काढून देईल, त्यांतली दोन एकमेकांविरुद्ध बोलणारी असतील, आणि मुलाचं काम तिथून सुरू होईल. फक्त फेब्रुवारीच्या आत जा म्हणावं. मार्चमध्ये स्टॉक व्हेरिफिकेशन असतं, कपाटं बंद असतात.